शाळेची हद्द

संध्याकाळी सातच्या सुमारास महाराष्ट्रातील कोणत्याही शहरातल्या मध्यमवर्गीय वस्तीतून फेरफटका मारला, तर उघड्या खिडक्यांतून जे संभाषण कानांवर येते त्याचा मजकूर घरागणिक फारसा बदलत नाही. वही कोठे आहे, बाईंनी काय लिहून दिले आहे, उद्या कोणत्या विषयाची चाचणी आहे, गणिताची उदाहरणे पुरी झाली की नाही, आणि झाली नसतील तर सबंध दुपार काय केलेस, अशी ती प्रश्नमालिका असते. विचारणारा आवाज बहुधा आईचा असतो, आणि उत्तर देणारा आवाज हळूहळू बारीक होत जाऊन अखेरीस रडकुंडीला येतो. चौथीत शिकणाऱ्या एका मुलीचा बाप या नात्याने हे संभाषण मला खिडकीच्या दोन्ही बाजूंनी परिचयाचे आहे.

या संभाषणात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही, ही त्यातली खरी विचार करण्याजोगी बाब होय. मुलाच्या अभ्यासाची चौकशी करणे हे पालकाचे कर्तव्य आणि ती न करणारा पालक बेफिकीर, असा समाजाचा सर्वमान्य निवाडा आहे, व त्याला माझी हरकत नाही. परंतु चौकशी करणे निराळे आणि शाळेचे काम आपल्या शिरावर घेऊन रात्री जेवणापूर्वी ते कसेबसे तडीस नेणे निराळे. शाळा ही सदर कचेरी आणि घर ही तिची पोटकचेरी, जेथे दिवसभराची शिल्लक राहिलेली प्रकरणे रात्री निकालात निघावयाची आणि सकाळी पालकाच्या सहीनिशी वर रवाना व्हावयाची, अशी एक वहिवाट आपल्याकडे पडून गेली आहे. आणि कोणतीही वहिवाट एकदा पडली की ती कोणाच्या हुकमाने सुरू झाली याची विचारपूस सहसा होत नाही. ती करावी, असा या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, घराला शाळेच्या अंमलाखाली आणल्याने मुलाचे शिक्षण सुधारत नाही. घराचे म्हणून जे स्वतंत्र शैक्षणिक कार्य आहे त्याची मात्र हानी होते. आणि ज्या समतेच्या अभिवचनावर सार्वत्रिक शिक्षणाची उभारणी झाली, त्या अभिवचनाचा नकळत भंग होतो.

शाळेची हद्द वाढविणे हे एके काळी अत्यंत आवश्यक असे लोकोपकारक कार्य होते, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, रयतेच्या करातून जमा होणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे कसा वळतो हे दाखवून देऊन, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये बडोदा संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले, तरी ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये आपल्या संस्थानापुरते करून दाखविले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या शेतकऱ्याला हा रुपया जड होता, आणि तो जड असावा हाच त्यामागील उद्देश होता.

या सर्व थोर पुरुषांच्या दृष्टीने पालक हा, स्पष्टच बोलावयाचे तर, शिक्षणाच्या मार्गातील एक अडसर होता. गुरे राखण्यासाठी, लहान भावंडांना सांभाळण्यासाठी, पेरणी-खुरपणीच्या मोसमात हाताशी एक माणूस असावे म्हणून मूल घरी ठेवून घेणारा जो बाप, त्याच्या मुठीतून त्या मुलाचे दिवसाचे पाच-सहा तास सोडविणे हा सक्तीच्या कायद्याचा खरा व्यवहार होता. त्या व्यवहारात एक गर्भित करार होता. सरकार पालकाला असे सांगत होते की, तू निरक्षर असशील, तुझ्या झोपडीत दिवा नसेल, तुला मुलाच्या पाटीवर काय लिहिले आहे हे उलगडत नसेल, तरी त्याची चिंता करू नकोस. तू मुलाला आमच्या हवाली कर, शिकविण्याचा भार आमचा. घराच्या शैक्षणिक कुवतीवर मुलाचे शिकणे अवलंबून राहू नये, याचसाठी तर शाळा हवी होती. 2002 सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याचबरोबर पालकांच्या कर्तव्याचे एक कलमही घटनेत घातले. परंतु त्या कलमाने पालकावर सोपविले आहे ते मुलाला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देण्याचे काम. शिकविण्याचे काम त्यात कोठेही सांगितलेले नाही.

आता आजचे चित्र पाहावे. पूर्वी शाळेचा शिपाई महिन्यातून एखादी चिठ्ठी घेऊन दाराशी येत असे. आज शाळेचा निरोप दिवसाच्या कोणत्याही प्रहरी पालकाच्या खिशातील फोनवर येऊन पडतो. रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर सूचना येते की, उद्या मुलांनी पाच प्रकारच्या डाळी स्वतंत्र पुड्यांत बांधून आणाव्यात; लगोलग कोणी विचारतो, मसूर चालेल का; कोणी विचारतो, पुडी कागदाची की प्लॅस्टिकची; आणि अर्ध्या तासात पन्नास-साठ कुटुंबे आपापल्या स्वयंपाकघरांत डब्यांची झाकणे उघडू लागतात. ज्या मुलासाठी ही धावपळ चालली आहे ते मूल तेव्हा गाढ झोपी गेलेले असते. डाळी ओळखण्याचा पाठ मुलाने शिकावयाचा होता. प्रत्यक्षात उजळणी झाली ती आईची, जिला त्या डाळी जन्मापासून ठाऊक आहेत.

प्रकल्प नावाचा जो प्रकार अलीकडे प्राथमिक वर्गापर्यंत उतरला आहे, त्याच्या बाबतीत तर हा विपर्यास पराकोटीला पोचतो. मूळ कल्पना मोठी चांगली आहे: मुलाने स्वतः पाहावे, चार जणांना विचारावे, हातांनी काही घडवावे आणि जे कळले ते आपल्या शब्दांत मांडावे. परंतु शाळेजवळच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात क्षणभर उभे राहिले की या कल्पनेचे काय झाले आहे हे ध्यानात येते. तेथे ज्वालामुखी तयार मिळतो, सूर्यमाला तारेत ओवलेली मिळते, स्वातंत्र्यसैनिकांची चित्रे कापून चिकटविण्याच्या तयारीने छापलेली मिळतात, आणि दुकानदाराला शाळांची वेळापत्रके शिक्षकांइतकीच पाठ असतात. जे तयार मिळत नाही ते बाप थर्माकोल कापून करतो व आई रंगविते. मूल शेजारी बसून डिंकाची बाटली धरते, आणि दुसऱ्या दिवशी तो ऐवज बसच्या गर्दीतून जिवापाड जपत नेऊन आपल्या नावावर रुजू करते. यातून ते ज्वालामुखीविषयी काही शिकत असेल वा नसेल. परंतु काम दुसऱ्याकडून करवून घ्यावे, त्यावर आपले नाव घालावे, आणि ही गोष्ट सर्वांना माहीत असूनही कोणी बोलून दाखवू नये, हा सार्वजनिक जीवनातील एक धडा त्याच्या मनावर वयाच्या नवव्या वर्षीच पक्का ठसतो.

या सर्वाचे खापर शिक्षकांच्या माथी फोडून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले असले, तरी शहरांतील अनेक वर्गांत मुले त्याहून कितीतरी अधिक असतात. त्याच कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामास जुंपण्याची मनाई केली आहे. तथापि नाना प्रकारची माहिती भरणे, छायाचित्रे वर पाठविणे आणि अहवालांवर अहवाल लिहिणे यांत त्याचे जे तास जातात त्यांचा हिशेब त्या मनाईत बसत नाही. वर्षअखेर पोर्शन पुरा झाला पाहिजे ही त्याच्यावरची ताकीद, मुलाला समजले की नाही ही त्याच्या मनाची टोचणी. या दोहोंच्या कात्रीत सापडलेला शिक्षक उरलेले काम घरी पाठवितो, यात त्याच्या आळसापेक्षा व्यवस्थेच्या कोतेपणाचा भाग मोठा आहे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1993 मध्ये दप्तराच्या ओझ्याचा विचार करताना नेमके हेच दाखवून दिले होते की, पाठीवरच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे मुलाला अधिक घातक असते. आपण मात्र त्या अहवालाचा सारांश वजनकाट्यापुरता घेतला, आणि वर्गात जे समजले नाही ते घरी समजेल अशी सोयिस्कर आशा बाळगून ते दुसरे ओझे तसेच पुढे ढकलीत राहिलो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, घरी अभ्यास करावयाचाच नाही तर पाढे पाठ कसे होणार, अक्षर कसे वळणदार होणार, वाचनाला गती कशी येणार? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. गवई रियाझावाचून तयार होत नाही आणि मल्ल जोर-बैठकांवाचून. ज्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीपर्यंतचे पाढे संध्याकाळच्या परवचाबरोबर म्हटले, त्यांचा तोंडी हिशेब आजही तरुण माणसाला थक्क करतो. सरावाचे महत्त्व मी लेशमात्र कमी लेखीत नाही. परंतु त्या परवचाचे एक वैशिष्ट्य आपण विसरतो. तो म्हणण्यासाठी मुलाला बापाच्या मदतीची गरज नव्हती. जे शाळेत पंतोजींनी घोकून घेतले होते तेच तोंडी घोळवावयाचे होते, आणि आजी माळ ओढता ओढता नुसत्या कानाने चूक धरीत असे. सराव आणि शिकवणी यांतील सीमारेषा येथे आहे. जे काम नऊ-दहा वर्षांचे मूल, वर्गात समजलेल्या गोष्टीच्या बळावर, कोणा मोठ्या माणसाला हाक न मारता अर्ध्या तासात हातावेगळे करू शकते तो सराव. ज्यासाठी घरात एक सुशिक्षित, सवडीचा आणि शांत डोक्याचा प्रौढ मनुष्य हजर असावा लागतो ती शिकवणी, आणि शिकवणी हा शाळेचा विषय आहे.

ही विभागणी मी पदरची सांगत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने 2018 मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला. आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 2020 मध्ये दप्तरासंबंधी जे धोरण जाहीर केले त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ मुळीच नको, तिसरी ते पाचवीला आठवड्यातून फार तर दोन तास, सहावी ते आठवीला दिवसातून फार तर एक तास, अशी मोजमापे घालून दिली आहेत. आठवड्यातून दोन तास! हा आकडा मी ज्या ज्या पालकाला सांगितला त्या त्या पालकाने प्रथम अविश्वासाने पाहिले आणि नंतर काहीशा काळजीने विचारले, मग मुले मागे नाही का पडणार? सरकारी परिपत्रकाला शाळेने जुमानले नाही तर आपण तक्रार करतो. परंतु एखाद्या शाळेने ते खरोखरच जुमानले, तर त्या शाळेतून मुलाला काढून घेण्याचा विचार मनात आणणारेही आपणच.

आता या वहिवाटीच्या अधिक गंभीर परिणामाकडे वळतो. ज्या घरात आईबाप पदवीधर आहेत, संध्याकाळी सहाच्या आत कामावरून परततात, आणि जेथे मुलाला एक टेबल व एक दिवा स्वतंत्र मिळतो, त्या घराला शाळेचे शिल्लक काम हा एक त्रास आहे, यापलीकडे काही नाही. परंतु ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, जेथे आई चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला येते आणि बाप सुरक्षारक्षकाच्या रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत असतो, तेथे तेच काम शिक्षेचे रूप घेते. दुसऱ्या दिवशी वर्गात वही कोरी निघते, मूल बाकावर उभे राहते, आणि ज्या गोष्टीत त्याचा काडीचाही अपराध नाही त्या गोष्टीसाठी आपण मंद आहोत अशी त्याची स्वतःविषयी समजूत होते. ऊसतोडणीच्या हंगामात बीड-अहिल्यानगरकडून साखर कारखान्यांच्या दिशेने निघणाऱ्या बैलगाड्यांत आणि ट्रकांत जी मुले बसलेली असतात, त्यांच्या पालाला पोटकचेरीचा दर्जा कोण देणार? पाचवीतील मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पुस्तकातील परिच्छेद सुरळीत वाचता येत नाही, असे ग्रामीण भारताविषयीचे 'असर' अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. अशा परिस्थितीत शिकविण्याचा जो जो अंश शाळा घराकडे सरकविते, तो तो अंश या मुलांपुरता हवेत विरून जातो. फुल्यांच्या निवेदनाला आणि शाहू महाराजांच्या दंडाला जो करार अभिप्रेत होता, तो असा कोणत्याही ठरावावाचून रद्द होतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी उमगली होती. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातल्यावर त्यांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीला बसविले, आणि ते चालविण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. वसतिगृहामागील विचार असा की, ज्याच्या घरात अभ्यासाला जागा नाही त्याला ती जागा संस्थेने द्यावी. मुलाच्या घरी जे नाही त्याची मागणी त्या घराकडे करण्याचे पाप भाऊरावांनी केले नाही; ती उणीव त्यांनी स्वतःच्या खर्चखाती मांडली. आजच्या शाळांनी संध्याकाळचा एक तास वर्ग उघडे ठेवून, पंख्याखाली आणि दिव्याखाली, एका शिक्षकाच्या देखरेखीत मुलांना तो सराव करू दिला, तर त्याला भाऊरावांच्या त्यागाइतका त्याग लागणार नाही.

घर आणि शाळा यांच्या संबंधात आणखी एक गुंतागुंत माध्यमाच्या निवडीने निर्माण केली आहे. माध्यमाचा सर्व वाद येथे उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही. त्याच्या एकाच परिणामाकडे लक्ष वेधतो. ज्या घरात मराठी बोलली जाते आणि ज्या घराने मुलाला इंग्रजी शाळेत घातले आहे, त्या घरातील आई दिवसभर मुलाची सर्वज्ञ असते. पाऊस का पडतो, पिठात मीठ किती घालावे, मामाच्या गावाला कोणती गाडी जाते, हे सारे तीच सांगते. संध्याकाळी दप्तर उघडले की तीच बाई एकाएकी मुकी होते. उत्तर तिला येत असते, परंतु ज्या भाषेत ते लिहावयाचे त्या भाषेत येत नसते. आणि आपल्या आईला 'येत नाही' हा शोध मुलाला सात-आठ वर्षांच्या कोवळ्या वयात लागतो. पुढे काही वर्षांनी ते मूल आईने सांगितलेली कोणतीही गोष्ट फारशी मनावर घेईनासे होते, तेव्हा आपण काळाला दोष देतो. वर्गातले वर्गातच पुरे झाले असते, तर आईच्या ज्ञानाची आणि शाळेच्या ज्ञानाची अशी रोज संध्याकाळी तुलना झाली नसती, आणि त्या तुलनेत आई रोज हरली नसती.

ही पोकळी भरून काढण्यासाठी मग क्लास येतात. शिक्षणहक्क कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास बंदी आहे. परंतु कलमाने शिक्षकाला बांधले तरी गरज मोकळीच राहिली, आणि गल्लोगल्ली पाट्या लागल्या. ज्या शिक्षणासाठी पालकाने एकदा फी भरली त्यासाठीच तो दुसऱ्यांदा फी भरतो, आणि मूल एकाच दिवसात एकच धडा दोनदा ऐकून दोन्ही वेळा अर्धवट ऐकते. पदरमोड करून क्लास लावणाऱ्या गरीब पालकाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. त्याला जे कळले आहे ते असे की, करार मोडला गेला आहे. आणि मोडलेल्या कराराची भरपाई तो आपल्या मिळकतीतून करीत आहे.

तर मग घराचे शैक्षणिक कार्य ते कोणते? घराने मुलाला नुसते जेवू घालून निजवावे, असे माझे म्हणणे नाही. दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या इमारतीतील पोरे जिन्यामागच्या कोपऱ्यात किल्ला बांधावयास घेतात. विटांचे तुकडे आणि गोणपाट कोठून मिळवावयाचे याची खलबते होतात. माती किती भिजवावी यावर वाद होतात, कारण फार भिजली तर उतार घसरतो आणि कमी भिजली तर वाळल्यावर भेगा पडतात. हळीव चार दिवस आधी पेरला नाही तर पाडव्याला डोंगर बोडका राहतो, म्हणून उलट दिशेने दिवस मोजावे लागतात. तळ्यातले पाणी रात्रीत झिरपून जाते, तेव्हा तळाशी एक जुना वाडगा पुरण्याची युक्ती कोणाला तरी सुचते. आणि बाजारातून आणलेला मावळा महादरवाजापुढे उभा केला की तो दरवाजाहून उंच निघतो. मग मावळा बदलावा की दरवाजा, यावर जे घनघोर भांडण होते ते खरे पाहता गुणोत्तर-प्रमाणाचा धडा असतो. यात कोणी मोठा मनुष्य लक्ष घालीत नाही, कोणी गुण देत नाही, आणि चुकले तर उकरून पुन्हा बांधण्यापलीकडे कोणती आपत्ती येत नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी बापाने थर्माकोलचा केलेला किल्ला याहून शतपटीने सुबक असेल; परंतु त्याचा उतार कधी घसरलेला नसतो, आणि म्हणून उतार का घसरतो हे त्या मुलाला कधी विचारावे लागत नाही.

घराचे शिक्षण हे असे बिनहजेरीचे असते. त्यात आजीच्या गोष्टी येतात, बाजारात मोड मोजून घेणे येते, आजारी शेजाऱ्याला डबा पोचविणे येते, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविणे येते, बापाचे आणि काकांचे राजकारणावरचे वाद गुपचूप ऐकणे येते, आणि काहीही न करता गॅलरीत उभे राहणेही येते. या शिक्षणाला वेळ लागतो, आणि तो वेळ संध्याकाळचाच असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याचे मर्म मला येथे दिसते. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणवाडीच्या रूपाने शाळा त्यांच्या अंगणात नेली. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरविली. कोणी म्हणेल की, शाळेने घरात शिरणे ते हेच. परंतु ताराबाईंची शाळा मुलाच्या पाड्यात गेली ती तेथील पाने, बिया, शिंपले आणि गाणी यांना शिक्षणाचे साहित्य मानण्यासाठी गेली. तेथे गेल्यावर तिने आपली रीत बदलली. आपली शाळा घरात शिरते ती घराची रीत बदलण्यासाठी.

पालकाच्या मनात याविषयी जी भीती आहे तिला मी कमी लेखीत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेपासून वैद्यकीय प्रवेशापर्यंत एकेका जागेसाठी रांगा लागलेल्या असताना, आपले मूल रांगेत मागे राहील ही धास्ती कोणालाही वाटेल. परंतु सर्वच पालक जेव्हा आपापल्या मुलाला टाचा उंचावून उभे करतात, तेव्हा रांगेतील क्रम होता तोच राहतो, फक्त सर्वांचे पाय दुखतात. आणि ज्यांच्या पायांत आधीच बळ नव्हते ते तेवढे खाली बसतात. या भीतीवरचा उपाय एकेकट्या घराच्या हातचा नाही, हे ओळखणे हाच त्या उपायाचा आरंभ आहे.

आणि येथे पालकाला कायद्याने एक साधन दिलेले आहे, ज्याचा उपयोग आपण क्वचित करतो. अनुदानित आणि सरकारी शाळांतून शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी शिक्षणहक्क कायद्याची तरतूद आहे. जी शक्ती आपण रात्री दहा वाजता मसूर चालेल का हे विचारण्यात खर्च करतो, तिचा दशांश जरी या समितीच्या बैठकीत वर्गातील पटसंख्या, रिकामी पदे, कुलुपात पडलेली पुस्तकांची कपाटे आणि शिक्षकांवर लादलेली कागदी कामे यांविषयी प्रश्न विचारण्यात खर्च झाली, तरी पुष्कळ काही साधेल. आजवरचा अनुभव मात्र असा की, पालकवर्ग जागा होतो तो बहुधा शाळा आपल्या लहानपणच्या शाळेहून निराळी दिसू लागली म्हणजे. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन सुचविले गेले, तेव्हा डॉ. मंगला नारळीकर यांच्या समितीवर महाराष्ट्रभर जे टीकेचे मोहोळ उठले, त्यात सात वर्षांच्या मुलाला संख्या वाचताना नेमके काय जड जाते, याची चौकशी करणारे थोडे आणि आम्ही शिकलो ते काय चुकीचे होते, असे विचारणारे फार होते. त्या सूचनेच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतील. परंतु एका पाठ्यपुस्तकासाठी इतका कंठशोष करू शकणारा समाज वर्गात बसलेल्या साठ मुलांविषयी मौन पाळतो, ही विसंगती डोळ्यांत भरते.

तेव्हा हद्द आखावयाचीच तर ती अशी आखावी. मूल वेळेवर, पोटभर खाऊन, पुरेशी झोप घेऊन आणि शिक्षकाविषयी आदर बाळगून शाळेत यावे, एवढे मागण्याचा शाळेला घराकडे पूर्ण अधिकार आहे, आणि यात कुचराई करणाऱ्या पालकाला जाब विचारण्याचाही. शाळेची घंटा होईपर्यंत जे शिकवावयाचे ते शिकविले जावे, न समजलेले शाळेतच पुन्हा समजावले जावे, आणि घरी यावयाचेच तर फक्त तेवढेच यावे जे निरक्षर आईच्या घरातील मूलही स्वबळावर पुरे करू शकेल, एवढे मागण्याचा घरालाही तितकाच अधिकार आहे. ही शेवटची कसोटी मी मुद्दाम निरक्षर आईच्या घराची घेतली आहे. सुखवस्तू घरांना आपल्या संध्याकाळी परत हव्या असतील, तर त्या त्यांना स्वतंत्र सवलत म्हणून मिळावयाच्या नाहीत. ज्या घरांना शाळेवाचून दुसरा आधार नाही त्यांच्या बाजूने उभे राहून शाळेकडे तिचे पूर्ण काम मागितले, तरच त्या मिळतील. शिक्षणाच्या बाबतीत स्वार्थ आणि न्याय एका बाजूला येण्याचा असा योग वारंवार येत नाही. तो आला असताना आपण गृहपाठाच्या वहीवर निमूटपणे सही करीत बसलो, तर दोन्ही गमावून बसू.